बोट आहे पण डिझेल नाही

धुळे-जळगावच्या माणसाने समुद्राच्या बंदोबस्तावर काय लिहायचं असं वाटेल कोणाला. पण धुळ्याचा नकाशा बघा, मुंबई-आग्रा हायवे आणि सुरत-नागपूर हायवे इथेच एकमेकांना क्रॉस होतात, म्हणजे कोकणात नाहीतर गुजरातच्या किनाऱ्यावर काही वाईट उतरलं आणि ते उत्तरेकडे किंवा नागपूरकडे न्यायचं असेल तर रस्ता आपल्याच दारावरून जातो. २०२१ ला मुंद्रा बंदरात जवळपास ३ हजार किलो हेरॉइन पकडलं, ते टाल्क म्हणजे पावडरीच्या दगडाच्या नावाखाली कंटेनरमधून आलं होतं आणि मागवणारी फर्म विजयवाड्याच्या पत्त्यावरची, समुद्रापासून आत कुठपर्यंत पोहोचतं बघा.

१९९३ च्या सुरुवातीला रायगडमध्ये दिघी-शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. कस्टम्स आणि पोलिसांतले काही जण पैसे घेऊन गप्प बसले होते, कोर्टात ते सिद्ध झालं. मग २००८ ला पोरबंदरची कुबेर ही मासेमारीची बोट भर समुद्रात पळवली, खलाशी मारले आणि २६/११ चे दहा अतिरेकी रबरी होडीतून कुलाब्याला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्या दहा जणांना सगळ्यात आधी कोणी बघितलं तर तिथल्या कोळी लोकांनी, कोण तुम्ही कुठून आले हेही त्यांनीच विचारलं.

नंतर काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, बरंच झालंय. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नेव्हीकडे दिली, नेव्हीचं किनाऱ्याजवळ गस्त घालणारं सागर प्रहरी बल उभं राहिलं, पहिल्या टप्प्यात किनाऱ्यावर आणि बेटांवर ४६ रडार स्टेशनं बसली, सगळी माहिती एकत्र बघायला गुरुग्रामला सेंटर सुरू झालं. पण रडारच्या पडद्यावर हजारो छोट्या बोटी दिसतात आणि त्यातली आपली कोणती, परकी कोणती हे नुसत्या ठिपक्यावरून कसं कळणार? म्हणून मला २०२४ ला पालघरमधून सुरू झालेली ट्रान्सपॉन्डरची योजना जास्त महत्त्वाची वाटते. १ लाख मासेमारी बोटींवर इस्रोने बनवलेलं यंत्र बसवायचं, ते सॅटेलाइटवरून बोलतं, संकटात मेसेज पाठवता येतो आणि बोट सागरी सीमेजवळ गेली तर इशारा पण मिळतो. पालघर-डहाणूची गरीब पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि चुकून पलीकडे गेली की वर्षानुवर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात सडतात, त्यांच्यासाठी तर हा इशारा म्हणजे जीवच आहे.

माझी खरी तक्रार तिसऱ्या कडीबद्दल आहे. बाहेर नेव्ही, मग कोस्ट गार्ड आणि किनाऱ्याला लागून राज्याचे सागरी पोलीस, आणि नेमकी ही शेवटची कडी सगळ्यात कच्ची. माझा मावसभाऊ अमळनेरकडचा, पहाटे उठून ग्राउंड मारून मारून पोलीस भरती झाला आणि कोकणातल्या एका सागरी पोलीस ठाण्यात काही काळ होता. बोरी नदीच्या डोहात पोहलेलं पोरगं, समुद्र त्याने नोकरी लागेपर्यंत बघितला नव्हता. फोनवर म्हणायचा, "काय सांगू भाऊ, बोट शे पन डिझेल नही, आनि डिझेल ऊनं ते चालवनारा नही", म्हणजे डिझेल आलं तर चालवणारा नाही. पहिल्यांदा लाटेवर गेला तेव्हा उलट्या करून आडवा झाला, त्याला कमीपणा वाटायचा पण मला सांगा यात त्याचा काय दोष? सरकारी कारभाराचा हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांतही हेच येतं, बोटी पडून, माणसं कमी, गस्तीचे तास अपुरे.

गुजरातमध्ये देवभूमी द्वारकेला सागरी पोलिसांसाठी राष्ट्रीय अकादमी आहे, मग प्रत्येक शिपाई तिथून शिकून आल्याशिवाय त्याला बोटीवर पाठवूच नये ना. दोन वर्षांत बदली करून त्याला परत ट्रॅफिकला उभं करायचं हे पण बंद करा, शिकलेलं सगळं वाया जातं. आमची खान्देशची पोरं मेहनतीला कुठेच कमी नाहीत, त्यांना शिकवा, समुद्रावरचा भत्ता नीट द्या, ती टिकतील. आणि सागरी पोलिसांची वेगळी भरती काढून कोळी, भंडारी पोरांना त्यात मोठा वाटा द्या, ज्यांना भरती-ओहोटी, वारं, खडक हे लहानपणापासून माहीत आहे त्यांना भरतीच्या ग्राउंडवर १६०० मीटर धावण्यात बाद करून आपण काय मिळवतो मला कळत नाही.

कोकणात फिरायला जाणाऱ्यांनी दोन नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा, सागरी पोलीस १०९३ आणि कोस्ट गार्ड १५५४. किनाऱ्यावर काही वेगळं दिसलं, बेवारस बोट, नाहीतर अंधारात सामान उतरवणारं कोणी, तर व्हिडिओ काढत बसू नका, आधी फोन लावा.