आडवा वारा आणि मागे जोडलेलं हलकं घर

निघायच्या सकाळी, गाडीमागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये सामान चढवून झालं की आम्ही बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणतो. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीची वीट आणि दोन्हींवर जाड फळी. फळीचा भार आधी टिपून ठेवायचा. मग चाकांना ठोकळे लावून, ट्रेलर समतल ठेवून, विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर हिच (ट्रेलर गाडीला जोडायचं पुढचं टोक) टेकवायची. काट्याचा आकडा (फळी वजा करून) गुणिले तीन, एवढं वजन हिचवर आलं. भरलेला ट्रेलर 1200 किलोचा असेल तर ते साधारण 120 ते 180 किलो हवं, आणि गाडीच्या हिचला तेवढं झेपतही हवं.

ट्रेलर शेपूट हलवतो तेव्हा सगळे वाऱ्याला शिव्या देतात. खोट बहुतेकदा सामान लावण्यात असते. ॲक्सलच्या एक मीटर मागे 100 लिटरची पाण्याची टाकी भरली आणि हिच चार मीटर पुढे असली, तर हिचवरचे 25 किलो तिथेच गेले. वर मागच्या बंपरला सायकली. मग पन्नास-साठ किलोमीटरला गुणी वाटणारा ट्रेलर नव्वदला डुलू लागतो.

झाडी संपून माळ लागला की आम्ही ऐंशीच्या खाली येतो. 5 मीटर लांब, 2.2 मीटर उंच भिंतीवर ताशी 60 किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे ढोबळमानाने 190 किलोचा रेटा. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. डोलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, फक्त ट्रेलरचे ब्रेक (गाडीतल्या वेगळ्या कळीने) हाताने हलके लावायचे. गाडीचा ब्रेक करकचून दाबला तर मागचं धूड गाडीलाच आडवं करतं. स्वे बार (डोलणं रोखणारा, गाडी आणि ट्रेलरमध्ये लावायचा दांडा) मदत करतो, पण मागे झालेला भार तो पुढे आणत नाही.

मुक्कामी नाक वाऱ्याकडे. आधी डावं-उजवं समतल, मग ठोकळे, मग गाडी सोडवून पुढचा जॅक, शेवटी कोपऱ्यांचे पाय. पायांखाली फळ्या हव्यातच. मात्र या पायांवर ट्रेलर उचलू नये, चौकट पिळवटते आणि दार अडकायला लागतं. झोपण्याआधी ट्रेलरच्या बाजूला ताणलेली कापडी छत्री गुंडाळायची. वारा लागत नाही त्या बाजूची खिडकी बोटभर उघडी, नाहीतर श्वासाची वाफ थंड प्लायवूडवर जमून गादी खालून ओली होते. गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या की तिथूनही हवा खेळते.