तांबड्या रंगातले पट्टे

चिकलठाण्यातील आमच्या कारखान्यात मुख्यतः फर्निचरच्या पॉलिशची कामे येतात. पण छत्रपती संभाजीनगरमध्येच गिटार बनवणारा एक तरुण आपली वाद्ये रंगवण्यासाठी आमच्याकडे आणतो. यंदाच्या मे महिन्यात त्याने महोगनीची एक बॉडी आणली. तिच्यावर त्याला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधला पारदर्शक तांबडा रंग हवा होता, म्हणजे खालचे लाकडाचे रेषे दिसले पाहिजेत. फेंडर कंपनीच्या जुन्या गिटारींवर दिसणारा फिएस्टा रेड हा मुळात फोर्डच्या मोटारींवरचा झाकणारा रंग आहे आणि तसा रंग मारणाऱ्याला बऱ्याच गोष्टी माफ असतात, कारण एकदा पृष्ठभाग झाकला गेला की थर कुठे जाड आहे आणि कुठे पातळ, हे डोळ्याला कळत नाही. पारदर्शक रंगात मात्र थर जितका जाड तितका रंग गडद दिसतो, आणि त्यामुळे फवारणीच्या गनमधला बारीकसा दोषही लाकडावर उमटतो.

त्या दिवशी तो उमटला. सीलर (रंगाआधी लाकडावर देतात तो थर) घासून झाल्यावर आमच्या पेंटर चाचांनी बॉडी टेबलावर आडवी ठेवून मागच्या बाजूने रंगाला सुरुवात केली आणि पहिल्याच हातात एकाआड एक गडद-फिके पट्टे दिसू लागले. शिवाय गन मधूनच धाप लागल्यासारखी अडखळत होती. चाचांनी दोष उन्हाला दिला. "ताई, बाहेर चाळीसच्या वर पारा आहे, थिनर वाटेतच उडून जातोय," असे त्यांचे म्हणणे होते. गिटारवाल्याला वाटले की रंग नीट ढवळला गेला नसावा. दोन्ही शंका अगदीच बिनबुडाच्या नव्हत्या. पण थिनर वाटेत उडाला तर पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो आणि इथे तो गुळगुळीत होता. रंग न मिसळल्याचे पट्टे इतक्या समान अंतरावर पडणेही शक्य नव्हते. कॉम्प्रेसरचा काटा स्थिर होता, टाकीतले पाणी सकाळीच काढले होते.

मी चाचांना गनच्या एकाही नॉबला हात लावू नका, असे सांगितले. पट्टे दिसताच हवा वाढवायची, मग रंग कमी करायचा, मग फॅन (फवाऱ्याचा पसारा) लहान करायचा, ही आपल्याकडच्या बहुतेक पेंटरांची रीत आहे आणि तिच्यामुळे मूळ दोष कुठे होता याचा माग पुसला जातो. भिंतीवर कागद लावला, फॅन आडवा केला आणि ओघळ येईपर्यंत ट्रिगर दाबून धरला. ओघळ सगळीकडे सारख्या लांबीचे यायला हवे होते. पण डाव्या टोकाचे ओघळ लांब आले आणि उजवीकडचे आखूड राहिले. आता दोष एअर कॅपमध्ये (गनच्या तोंडावरची हवा सोडणारी टोपी) आहे की नोजलमध्ये (रंग सोडणारे टोक), एवढेच ठरवायचे होते. त्यासाठी कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारले. लांब ओघळ उजवीकडे गेले. दोष नोजलच्या टोकाशी असता तर कॅप फिरवूनही ते डावीकडेच राहिले असते. कॅप काढून उजेडात धरली तेव्हा मधल्या छिद्राच्या कडेला वाळलेल्या लॅकरचा पापुद्रा दिसला. ती थिनरमध्ये भिजवून दातकोरणीने साफ केली. (पेंटरांना इथे पिन किंवा तार वापरण्याची भारी हौस असते, तारेने छिद्राचा आकार बिघडला की कॅप कायमची गेली.)

ओघळ समान झाले, तरी गनची धाप थांबली नाही, आणि इथे मी जरा गोंधळले, कारण तोवर दोन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. नोजल सैल असेल तर गन सुरुवातीपासूनच अडखळते. ही मात्र आधी नीट चाले आणि थोड्या वेळाने दम सोडे. गनवरच्या रंगाच्या कपाचे झाकण सैल करताच धार सुरळीत झाली. झाकणातले हवेचे छिद्र बंद झाले होते. आडव्या बॉडीवर मारण्यासाठी गन पुढे कलली की कपातला लॅकर त्या छिद्राला लागत होता आणि त्या उन्हात तिथेच वाळत होता. रंग खाली जाईल तशी कपात पोकळी तयार होऊन प्रवाह तुटत होता. म्हणजे ऊन दोषी होतेच, पण चाचा म्हणत होते त्या वाटेने नव्हे. कॅपवरचा पापुद्राही, गन बाजूला ठेवली असताना, त्याच उन्हाने धरला असणार.

मागच्या बाजूचा रंग थिनरने पुसणे शक्य नव्हते, कारण खालचा सीलरही एनसीचाच असल्याने तोही विरघळला असता. घासून फक्त गडद पट्टे उतरवावेत, तर पारदर्शक रंगात त्या जागा फिक्या पडतात. म्हणून वाळल्यावर ती बाजू ३२० नंबरच्या पेपरने पूर्ण उतरवली आणि सीलरपासून पुन्हा काम धरले. या वेळी बॉडी आडवी न ठेवता गळ्याच्या खाचेला पट्टी ठोकून उभी टांगली, म्हणजे गन कलवण्याची गरज उरली नाही; थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रावण) घातला आणि काम संध्याकाळी उन्हे उतरल्यावर घेतले.

तांबडा रंग एकसारखा बसला. गिटारवाल्याला आणखी एक हात हवा होता, पण चाचांनी गन खाली ठेवली. अजून एक थर दिला असता तर रेषे बुडाले असते, आणि त्यांचे हे म्हणणे मला पटले. दुसऱ्या दिवशी त्याच गनने वरचा क्लिअर (बिनरंगी थर) मारला.