एक तास किल्ला, तेवीस तास बैठक

गेल्या जानेवारीत कार्यालयातल्या आरोग्य तपासणीत माझे वजन ८२ किलो भरले आणि डॉक्टरांनी सहा-सात किलो कमी करायला सांगितले. त्याच आठवड्यात मी आणि माझी पत्नी, दोघांनीही आपापल्या मोबाइलवर कॅलरी मोजण्याचे एकच ॲप घेतले. वय, उंची आणि वजन विचारून झाल्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला तो रोजच्या हालचालीच्या पातळीचा. या एका प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनीही चुकवले. मी एका दिशेला आणि तिने नेमके उलट दिशेला.

पर्याय चार होते: सेडेंटरी, लाइटली ॲक्टिव्ह, मॉडरेटली ॲक्टिव्ह आणि व्हेरी ॲक्टिव्ह. रविवार सोडून रोज पहाटे मी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर चालत जातो, मंगळाईचे दर्शन घेतो आणि उजाडताना खाली येतो. त्यात तासभर जातो. असा माणूस 'बैठा' कसा असेल, या विचाराने मी बेधडक 'मॉडरेटली ॲक्टिव्ह' निवडले. पत्नीने मात्र 'सेडेंटरी' निवडले. कारण विचारले तर म्हणाली, "अहो, मी कुठे व्यायाम करते?" ती जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षिका आहे. एसटीतून उतरल्यावर फाट्यापासून शाळेपर्यंत सव्वा किलोमीटर चालते, दोन वर्गांना एकाच वेळी शिकवताना दिवसभर उभी असते, आणि घरी परतल्यावर तिचा ओटा सुटत नाही. यातले काहीच तिच्या हिशेबी व्यायामात मोडत नव्हते.

पुढचे दोन महिने मी अत्यंत समाधानात होतो. किल्ल्यावरून उतरलो की 'टेकडी चढणे, ६० मिनिटे' अशी नोंद करायची आणि ॲपने त्या दिवसाच्या कोट्यात ४९० कॅलरी वाढवून द्यायच्या, असा क्रम ठरून गेला होता. शिवाय मोबाइलमधली पावलांची मोजणीही त्याच ॲपला जोडलेली असल्यामुळे तीच पहाटेची पावले पुन्हा एकदा जमा होऊन आणखी शंभर-दीडशे कॅलरी पदरात पडत. रात्री जेवण झाल्यावर तीन-साडेतीनशे कॅलरी शिल्लक दिसत आणि आपण केवढा संयम पाळतो आहोत असे वाटे. वजनकाटा मात्र जानेवारीत ८२ वर होता तो मार्चमध्येही ८२ वरच होता. पत्नीला तर ॲपने दिवसाला १२०० कॅलरींवर आणून ठेवले होते. दुपारच्या सुट्टीनंतर तिचे डोके दुखू लागे, संध्याकाळी चिडचिड होई, आणि एका शनिवारी पाहुण्यांसाठी आणलेल्या कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा तिने उभ्या उभ्या निम्मा संपवला. नंतर दोन दिवस ती स्वतःवरच रागावलेली होती, आणि त्या रागाला खरे तर काहीही कारण नव्हते.

मार्चअखेरीच्या कामाच्या गर्दीतच मी एका रात्री बसून हा आकडा येतो कुठून ते पाहिले. बहुतेक ॲप १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिऑर यांचे सूत्र वापरतात. किलोतल्या वजनाची दहापट, सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा. पुरुष असल्यास वर ५ मिळवायचे, स्त्री असल्यास १६१ वजा करायचे. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वय ४६, म्हणून माझा आकडा १६५८ आला. दिवसभर नुसते पडून राहिलो तरी शरीर साधारण एवढे जाळणारच. या आकड्याला मग हालचालीच्या पातळीने गुणतात: बैठ्या माणसासाठी १.२, हलक्या हालचालीसाठी १.३७५, मध्यमसाठी १.५५, जास्तसाठी १.७२५. म्हणजे 'सेडेंटरी'ला १९९० आणि 'मॉडरेटली ॲक्टिव्ह'ला २५७०. एका बोटाच्या टिचकीसरशी मी स्वतःला रोज ५८० कॅलरींची बढती देऊन मोकळा झालो होतो, आणि आठवड्याला अर्धा किलो उतरावे म्हणून ॲपने कापलेल्या ५०० कॅलरी त्यातच विरघळून गेल्या होत्या.

खरी गोम त्यापुढे होती. हे गुणक ज्या कोष्टकांतून आले, त्यांपैकी अनेकांत व्यायाम आधीच धरलेला असतो. 'आठवड्यातून तीन ते पाच दिवस व्यायाम' असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. जी ॲप व्यायामाची नोंद स्वतंत्रपणे घेऊन कॅलरी परत देतात, त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मात्र 'व्यायाम सोडून तुमचा उरलेला दिवस कसा जातो' असा असतो. आमचे ॲप दुसऱ्या जातीचे होते आणि तसे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलेही होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच. एकच किल्ला मी गुणकात धरला, व्यायामात धरला आणि पावलांतही धरला. बँकेत एकच चेक तीनदा वटवून घ्यावा तसा हा प्रकार झाला होता.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पत्नीने माझा संपूर्ण दिवस लिहायला घेतला. झोप सात तास. कार्यालयातली खुर्ची सात तास, त्यात चहासाठी खाली उतरणे दोनदा. शाहूपुरीहून जाऊन-येऊन स्कूटर अर्धा तास. संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल मिळून अडीच तास. इथे मी दीड सांगितला होता, तो तिने खोडला. शेवटी किल्ल्याचा एक तास वेगळा काढला, तर उरलेले तेवीस तास वाचताना मलाच संकोच वाटला. माझा चुलतभाऊ कोरेगाव तालुक्यात आल्याची शेती करतो. लागणीच्या आणि काढणीच्या दिवसांत तो सकाळपासून वाकलेला असतो. मध्यम किंवा जड काम त्याचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११०, मध्यम कामासाठी २७१० आणि जड कामासाठी ३४७० कॅलरी दिल्या आहेत. तिथे पायऱ्या कामावरून ठरतात. त्या फूटपट्टीने मी कुठे बसतो हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

तरीही केवळ सूत्रावर विसंबून पुन्हा आकडा बदलण्यापेक्षा आधी तीन आठवडे मोजावे असे आम्ही ठरवले. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही न खाता वजन करायचे आणि एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष न देता आठवड्याची सरासरी काढायची, कारण आदल्या रात्री खर्डा-भाकरी झाली तरी मीठ-पाण्यामुळे काटा अर्धा-पाऊण किलो पुढे जातो. खाण्याची नोंदही सुधारावी लागली. भाकरी 'एक' म्हणून चालत नाही. आमच्याकडची भाकरी ६० ग्रॅम पिठाची निघाली आणि बहिणीकडची १०० ग्रॅमची. फोडणीचे तेल आम्ही अंदाजाने ओतत होतो, ते चमच्याने घेतल्यावर एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी पडतात हे ध्यानात आले. सर्वांत मोठा चोर निघाला तो दाण्याचा कूट, जो साताऱ्यात कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत कशातही पडतो आणि ज्याची मूठभर नोंद कोणीच करत नाही. या नोंदी कच्च्या राहिल्या तर दोष हालचालीच्या पातळीला जातो आणि माणूस भलतीच कळ फिरवत बसतो.

२१ दिवसांत माझे रोजचे खाणे सरासरी २२६० कॅलरी भरले आणि सरासरी वजन ०.२ किलोने उतरले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या, तर ०.२ किलोच्या १५४० कॅलरी २१ दिवसांत वाटून रोजच्या ७३ होतात. म्हणजे माझा खरा खर्च २३३३ च्या आसपास होता. त्याला १६५८ ने भागल्यावर १.४१ आले. किल्ला धरून मी जेमतेम 'लाइटली ॲक्टिव्ह'च्या किंचित वर होतो. किल्ला वगळला की राहिला 'सेडेंटरी'.

आता दोन रस्ते होते: किल्ला गुणकात धरून व्यायामाची नोंद कायमची बंद करायची, किंवा पातळी 'सेडेंटरी' ठेवून ज्या दिवशी चढलो त्याच दिवशी नोंद करायची. मार्चअखेर, पाहुणे, पाऊस अशा कारणांनी माझे जाणे चुकते, म्हणून मी दुसरा घेतला. पावलांची जोडणी बंद केली. ॲपच्या ४९० कॅलरींत तो तास मी घरी नुसता बसलो असतो तरी जळल्या असत्या अशा सुमारे ८० कॅलरी मिसळलेल्या असतात, शिवाय उतरताना चढणीइतके कष्ट नसतात. म्हणून मी हाताने ३३० एवढेच टाकतो. तीन आठवड्यांतले १८ दिवस किल्ल्याचे होते, तेव्हा १९९० अधिक रोजचे सरासरी २८३ मिळून २२७३ होतात. मोजलेल्या आकड्याशी साठ कॅलरींचा फरक राहतो, तो फोडणीच्या अर्ध्या चमच्याएवढा आहे आणि त्यासाठी मी झोप घालवत नाही.

पत्नीचा हिशेब सोपा होता, कारण शाळेचे तिचे दिवस सारखेच असतात. तिचा मूळ आकडा १२७२ आणि 'लाइटली ॲक्टिव्ह'ला तो १७५० च्या जवळ जातो. आठवड्याला पाव किलोचे लक्ष्य ठेवून तिने १५०० ठरवले आणि व्यायामाची नोंद हा रकानाच बंद केला. पहिल्याच आठवड्यात तिची दुपारची डोकेदुखी थांबली. मे महिन्याच्या सुट्टीत ना फाटा, ना वर्ग. तेव्हा तिने न सांगता पातळी 'सेडेंटरी' केली आणि दुपारची भाकरी अर्धी केली. मी विचारल्यावर म्हणाली, "शाळा बंद, तर पगारी रजा पोटाला कशाला?"

जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा मी ७९ वर होतो आणि ती ६४ वर. जानेवारीत ती ६६ होती. शाळेच्या पहिल्या दिवशी एसटी पकडण्याआधी तिने दारातच उभे राहून मोबाइलवर 'लाइटली ॲक्टिव्ह' परत निवडले. बाहेर यवतेश्वराच्या बाजूने आलेला पाऊस धो धो कोसळत होता, किल्ला ढगात बुडालेला होता, आणि माझ्या त्या दिवसाच्या व्यायामाच्या रकान्यात शून्य होते.