भावपूर्ण म्हटलं की

'भावपूर्ण' एवढं टाइप केलं की फोन लगेच पुढे 'श्रद्धांजली' हजर करतो. मला लिहायचं असतं 'भावपूर्ण डोळे'. ज्याच्या डोळ्यांबद्दल लिहितेय तो माणूस चांगला धडधाकट आहे, नुकताच चहा पिऊन गेलाय, आणि इथे त्याच्या फोटोला हार घालायची तयारी सुरू. 'हार्दिक'नंतर 'शुभेच्छा', 'आपल्या'नंतर 'सर्वांना', 'जाहीर'नंतर 'निषेध'. एका शब्दामागून बहुतेक लोक कोणता शब्द वापरतात याचा हिशेब मांडूनच हा अंदाज बांधलेला असतो. त्यामुळे तो चुकीचा नसतो, हेच माझं दुखणं. चारचौघं काय लिहितील ते त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि रात्री दमून बसलं की चारचौघांचं वाक्य आयतं घ्यायचा मोह मलाही होतो. आपलं बोट चपळ, मन आळशी. पाच-सहा वेळा नुसतं 'हो, हो' करत गेलं की परिच्छेद तयार होतो. निमंत्रणपत्रिकेवर छापायला अगदी योग्य.

रोमन अक्षरं बडवून मराठी काढायची, ही तर आणखी एक तऱ्हा. 'के-ए-एल' दाबलं की समोर काल, काळ, कळ, कल असा सगळा गोतावळा येऊन उभा राहतो. यातला हवा तो उचलायचा. माझी मावशी टायपिंगची परीक्षा दिलेली, कीबोर्डकडे न बघता लिहिणारी. माझ्या खांद्यावरून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, तू लिहितेयस की तांदूळ निवडतेयस?"

"मावशी, सगळे असंच लिहितात गं."

"म्हणूनच सगळ्यांचं वाचताना दाताखाली खडे येतात."

तिच्यासमोर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, शिकायला बसले, ते निव्वळ तिच्या या वाक्याचा राग म्हणून. पण त्या मांडणीत खरंच डोकं लढवलेलं आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, म्हणजे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. शिवाय तेलुगू, बंगाली, कन्नड लिहिणाऱ्यांनाही 'क' त्याच कळीवर सापडतो. छळते ती फक्त पहिली वेलांटी. हातानं लिहिताना ती आपण अक्षराच्या आधी काढतो, इथे मात्र अक्षर आधी आणि वेलांटी मागून, मग ती पडद्यावर उडी मारून पुढे जाऊन बसते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणताना वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात त्याचं मूळ हेच. तिथे त्या दिसतील त्या जागी लिहिलेल्या असत, इथे उच्चाराच्या क्रमाने.

पण इनस्क्रिप्टने मला 'दऱ्या' दिल्या, म्हणून बाकी सगळं माफ. रोमनमधून 'दऱ्या' लिहायला जावं तर हटकून 'दर्या' यायचा. डोंगराचं वर्णन करता करता समुद्रात. इथे शिफ्ट धरून 'जे' दाबायचं, नुक्ता, म्हणजे खाली ठिपका, असलेला ऱ उमटतो, मग 'डी'वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, मग य, आणि नुक्ता गुपचूप नाहीसा होऊन ती बारीकशी आडवी पापणी उमटते. दरवेळी ती उमटताना मी बघतेच. गंमत अशी की युनिकोडमध्ये हा ऱ मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार दाखवण्यासाठी म्हणून नोंदलेला आहे आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली पापणी. 'दुसऱ्याच्या', 'सगळ्या तऱ्हा', 'बिचाऱ्या' हे इतके घरगुती शब्द आपण पाहुण्या अक्षराच्या आधाराने लिहितो, हे कळल्यापासून तर मी गरज नसताना 'बिचाऱ्या' वापरते.

'ॲ'चं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ साली आणि 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. तोवर अ काढून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवायचा, आणि काही यंत्रांवर त्या चंद्राखाली ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उगवायचं. दोन्ही प्रकारचे 'ॲ' आज दिसायला सारखे, पण यंत्राच्या लेखी वेगळे. त्यामुळे माझ्याच जुन्या लिखाणात 'ॲल्युमिनियम' शोधायला गेलं की ते सापडत नाही. डोळ्यांना समोर दिसतंय, संगणक म्हणतो नाही. अशा वेळी लिहिण्याचा मूड जो जातो तो जातोच. मग मी शीर्षकांची नावं बदलत बसते किंवा फाँट.

शब्द चुकलाय म्हणून खाली उमटणाऱ्या त्या लाल नागमोडी रेघेबद्दल मी फार बोलणार नाही. 'घर' तिला मान्य, 'घरासमोर' कसंबसं मान्य, 'घरासमोरच्यांनासुद्धा' म्हटलं की खाली लाल पाणी वाहायला लागतं. प्रत्ययावर प्रत्यय चढवत जाणं हा या भाषेचा स्वभाव आहे, तो कुठल्या शब्दयादीत मावायचा? रेघ जितकी लांब तितकं वाक्य अस्सल मराठी, असं मी आता धरून चालते.

फाँट बदलणं वरवर वेळकाढूपणा वाटेल, पण आहे मोठं सुखाचं काम. एका फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्यात घातलं की ते कुणा परक्याने लिहिल्यासारखं दिसतं. स्वतःच्या वाक्यातला फापटपसारा तेव्हा चटकन नजरेत भरतो, लोकांच्यातला भरतो तसा. शिवाय ल पाहायचा असतो. मराठीचा पाकळीचा ल मिळाला तर ठीक, नाहीतर हिंदी वळणाचा दांडीवाला ल येतो आणि 'लाल', 'लिलाव', 'लोलक' सगळे उगाच ताठ उभे राहिल्यासारखे दिसतात. माझ्यासारखीच अक्षरांकडे टक लावून बघणारी माणसं असतात, याचा पुरावा म्हणजे र. कृ. जोशी. मराठी कवी, शब्दांची चित्रं मांडणारे, आणि विंडोज २००० सोबत घरोघरी पोचलेला 'मंगल' फाँटही त्यांनीच घडवलेला. कितीतरी लोकांनी पहिलं मराठी पत्र, पहिली तक्रार, पहिली कविता एका कवीने वळण दिलेल्या अक्षरांत टाइप केली असेल आणि त्यांना पत्ताही नसेल.

आणि मग एखाद्या दिवशी त्या निवडानिवडीच्या कामातही काहीतरी हाती लागतं. इनस्क्रिप्ट फक्त संगणकावर, फोनवर अजून जुनंच चालू आहे. एका म्हाताऱ्या प्रवाशाबद्दल लिहीत होते : परत जायचं ठरल्यापासून त्याला वेड लागलं होतं. 'वेड'साठी अक्षरं दाबली, तर यादीत आला वेद, वेड, आणि शेवटी कोपऱ्यात 'वेध'. बोट थांबलं. वेडापेक्षा वेध कितीतरी बरे. त्याच्या बॅगेचं चार दिवस आधीपासून दारात येऊन बसणं, त्याचं दर तासाला तिकीट तपासणं, सगळं त्या 'वेध लागले'मध्ये आपोआप आलं. पुढची दोन वाक्यं मी खोडून टाकली, कारण ती तेच सांगायला लिहिली होती. खोडण्याइतका निर्मळ आनंद मला लिहिण्यात क्वचित मिळतो.

पण खोडलेलं मी फेकत नाही. 'कातरण' नावाची एक फाइल आहे, त्यात हे सगळं जाऊन पडतं. बेवारस विशेषणं, सुरुवात हरवलेले शेवट, कुठेच न बसलेली एक चांगली शिवी. पूर्ण झालेल्या लेखांपेक्षा मी तीच जास्त वेळा उघडते. त्यात एक ओळ नुसती 'आणि तेवढ्यात पंखा बंद पडला' अशी आहे. कुठला पंखा, कोण बसलं होतं त्याच्याखाली, काही म्हणजे काही आठवत नाही. पण त्याच्यापुढे काय घडायला हवं ते मला परवा सुचलंय, आणि त्यात ऱ्य असलेले निदान चार शब्द येतात.