गडवही, नोंद ४ : फाटलेली शिरोरेषा

हरिहरच्या पायथ्याला, निरगुडपाड्यात गाडी लावली आणि चौघांनी गडवही उघडली. तीन अँड्रॉइड फोनवर एक अक्षर, आयफोनवर दुसरंच. आणि दोन्हीकडे मी महिनाभर निवडून निवडून घातलेला फॉन्ट नव्हता. अँड्रॉइडवाल्यांना नोटो दिसत होता, आयफोनवाल्याला कोहिनूर देवनागरी, म्हणजे फोनमध्ये मुळात असलेले फॉन्ट. माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र सगळं जागच्या जागी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गडवही हे नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांच्या नोंदी ठेवायचं आमच्या टोळीचं ॲप. फ्लटर या ॲप बांधायच्या साधनात लिहिलेलं, एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. गडाचं नाव, वाट, पाणी कुठे, पायऱ्यांची अवस्था, गाडीभाड्याचा हिशेब. सगळं मराठीत आणि सगळं फोनमध्येच, कारण गडावर रेंजचा भरवसा नसतो.

आधी वाटलं, इथे रेंज नाही म्हणून झालं. मी फॉन्ट नेटवरून उतरवून घेणारं पॅकेज वापरत होतो. पण तिघा अँड्रॉइडवाल्यांनी ॲप आदल्या रात्री घरी, वायफायवर उघडलं होतं. घरी येऊन शोधलं तेव्हा दोन वेगळी कारणं निघाली. फ्लटरचा नवा प्रोजेक्ट काढला की इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइल या चाचणीच्या बिल्डच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या लिहायच्या फाइलमध्ये) येते, लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डच्या मॅनिफेस्टमध्ये ती आपण लिहायची असते. माझ्याकडे डीबग बिल्ड होता, त्यांना दिलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, रिलीजची. तिला नेटला हात लावायची मुभाच नव्हती. आयफोनला अशी परवानगी लागत नाही, पण त्या मित्राने ॲप पहिल्यांदा उघडलं तेच पायथ्याला. लक्षण एक, कारणं दोन. असं झालं की माणूस पहिलं कारण सापडल्यावर थांबतो आणि दुसरं तसंच राहतं.

परवानगी मी दिली नाही. गडाच्या वहीला नेट कशाला हवं? फॉन्टच्या फाइली ॲपमध्ये बांधल्या. फॉन्टची टीटीएफ फाइल घ्या, वेबसाठीची वॉफ फाइल सगळीकडे चालत नाही. पबस्पेक या प्रोजेक्टच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'फॉन्ट्स' ही ओळ 'फ्लटर'च्या पोटात, दोन स्पेस आत हवी. माझी डाव्या कडेला गेली होती. एरर नाही, इशारा नाही, मुकाट्याने फोनचा फॉन्ट. फॉन्टच्या कुटुंबाचं नाव कोडमध्ये एका अक्षराने चुकलं तरी हेच होतं. आणि फाइल जोडल्यावर हॉट रीलोडवर (चालू ॲपमध्येच बदल ओतण्यावर) विसंबू नका, ॲप बंद करून पुन्हा चालवा.

आपला फॉन्ट खरंच आलाय का, हे डोळ्याने ठरवणं कठीण जातं, कारण चांगले मजकुराचे फॉन्ट लांबून सारखेच दिसतात. मी त्या जागी तात्पुरता 'बालू २' ठेवतो. त्याचं गुबगुबीत अक्षर पडद्यावर आलं तर जोडणी बरोबर. नाही आलं तर नाव किंवा पत्ता चुकलाय. अर्ध्या मिनिटाचं काम, पण माझे दोन दिवस वाचले.

शीर्षकासाठी 'टीरो देवनागरी मराठी' घेतलाय. टीरो या फॉन्ट बनवणाऱ्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबं काढली आहेत, आणि त्यातल्या मराठीवर माझा जीव जडला. मात्र त्यात रेग्युलर आणि इटॅलिकच आहे, बोल्ड नाही. थीममध्ये बोल्ड मागितला की फ्लटर असलेल्या अक्षरावरच जाडी चढवतं. 'ब्रह्मगिरी'तला 'ह्म' बुजून काळा ठिपका झाला होता. बोल्ड काढला, आकार दोन पॉइंट वाढवला, शीर्षक उठून दिसतंच.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते.

माझे काका ऐन उमेदीत नाशकात एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. गडवही दाखवायला गेलो तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन नाकाशी धरला.

"अरे, वर 'साल्हेर' नीट आहे. मग खाली यादीत का फाटलाय?"

मला काही दिसेना. त्यांनी नखाने दाखवलं : 'सा' आणि 'ल्हे' यांच्या मधे शिरोरेषेला केसाएवढी फट. 'ल्हे' आणि 'र'च्या मधेही. एकदा दिसल्यावर सगळी यादीच फाटकी दिसायला लागली.

"खिळ्यांत अशी फट राहिली तर आम्ही फर्मा सोडून पुन्हा आवळायचो," काका म्हणाले. फर्मा म्हणजे छपाईसाठी चौकटीत आवळलेली जुळणी. "तुझा फर्मा ढिला आहे."

फॉन्टचा दोष म्हणावा तर वरच्या पट्टीतलं नाव अखंड होतं. मी तात्पुरता दोन्हीकडे एकच फॉन्ट लावला. तरी वरचं सलग, खालचं फाटकं. म्हणजे खोट फॉन्टमध्ये नव्हती, मजकुराच्या शैलीत होती. मटेरियल ३ या फ्लटरच्या तयार रूपरेषेच्या थीममध्ये प्रत्येक शैलीला अक्षरांमधलं अंतर आधीच ठरवलेलं असतं. वरच्या पट्टीचं शीर्षक 'टायटल लार्ज'मधून येतं, त्याचं अंतर ०. यादीतल्या ओळीचं नाव, म्हणजे लिस्टटाइलचं शीर्षक, 'बॉडी लार्ज'मधून येतं, त्याचं अंतर ०.५. 'बॉडी मीडियम'चं ०.२५, 'बॉडी स्मॉल'चं ०.४. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना एवढी हवा मानवते. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांचा हात धरून असतात. माझ्या फोनच्या पडद्यावर ०.५ म्हणजे दीड पिक्सेल. काकांनी पकडली ती फट हीच.

थीममधल्या पंधराही शैलींचं लेटर स्पेसिंग शून्यावर आणलं. काकांकडे पुन्हा गेलो. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि चहा टाकायला सांगितला. मी पास झालो.

तुमच्यापैकी कोणी मराठी ॲप करत असेल तर आज एवढं तरी करा. पडद्याचा फोटो काढा, तो ताणून मोठा करा आणि शिरोरेषेवरून नजर फिरवा. बऱ्याच जणांच्या ॲपमध्ये ही फट आहे आणि सवयीने आपल्याला दिसेनाशी झाली आहे. मराठी वाचताना डोळा त्या रेषेवरूनच धावतो, ती तुटली की वाचणारा न कळत अडखळतो.

त्याच बैठकीत काकांनी ओळींमधल्या जागेवरही बोट ठेवलं. "लेड टाक मधे," म्हणाले. लेड म्हणजे दोन ओळींत घालायची शिशाची पट्टी. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकत होता, आणि 'मार्कंड्या'चा रफार आणि अनुस्वार कार्डाच्या वरच्या कडेला कापले जात होते. मी ओळीची उंची अक्षराच्या १.० पट धरली होती आणि कार्डाला ठरावीक उंची दिली होती. आता ओळीची उंची १.६, आणि कार्डाला ठरावीक उंची नाहीच. काका फोनवर अक्षर मोठं करून वाचतात, तेव्हाही कार्ड आपोआप वाढतं.

मग एक घोळ मी स्वतः ओढवून घेतला. मजकुराच्या फॉन्टची चार वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, मिळून ॲप जड झालं, म्हणून एका ऑनलाइन साधनातून फक्त देवनागरीची अक्षरं ठेवून बाकी छाटली. फाइल हलकी झाली आणि 'त्र्यंबक'चा हलन्त दाखवणारा सांगाडा उरला : त, पाय मोडलेला. र, पाय मोडलेला. मग य. कारण असं की 'त्र्य' किंवा 'क्ष' या आकाराला युनिकोडात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, स्वतःचा क्रमांक नसतो. क्रमांक असतो तो त, हलन्त, र आणि य यांना. ही मालिका आली की अमुक आकार काढा, हे फॉन्टच्या आतल्या तक्त्यात लिहिलेलं असतं. छाटणाऱ्याने क्रमांकाची अक्षरं जपली, तक्ता आणि त्याचे आकार टाकून दिले. काकांच्या भाषेत, केसमधले (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले) जोडाक्षरांचे खिळेच गेले.

आता छाटणी फॉन्टटूल्स या साधनसंचातल्या सबसेटरने (छाटणाऱ्या साधनाने) करतो. तो तक्ता वाचून लागणारे आकार बरोबर ठेवतो. देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या युनिकोड क्रमांकांच्या पट्ट्याशिवाय चार गोष्टी हाताने सांगाव्या लागल्या : रोमन अक्षरं आणि अंक, झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर (अक्षरं जोडणारी आणि तोडणारी न दिसणारी चिन्हं), सुट्या मात्रेखाली येणारं ठिपक्यांचं वर्तुळ, आणि रुपयाचं चिन्ह. ₹ देवनागरीच्या पट्ट्यात नाही, ते चलनांच्या पट्ट्यात आहे. हिशेबाच्या पानावर ते परक्या फॉन्टातून येत होतं आणि आकड्यांपेक्षा बुटकं दिसत होतं.

मजकुराच्या फॉन्टात ल आणि श यांची मराठी रूपं, पाकळीचा ल आणि देठाचा श, भरलेली होती, तरी पडद्यावर 'रामशेज' हिंदी पद्धतीने यायचा. फोनची भाषा मराठी होती. पण फ्लटरला कोणत्या भाषा चालतात हे सांगितलं नाही तर ते अमेरिकन इंग्रजी धरतं, आणि फॉन्टपर्यंत 'हे मराठी आहे' हा निरोप पोचतच नाही. चालणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी घातली, फ्लटरचं भाषांतराचं पॅकेज जोडलं आणि ॲप पुन्हा चालवलं. 'रामशेज'मधला श वळला तो क्षण मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तारीख निवडायच्या चौकटीत महिनेही मराठीत आले, ते वरकड.

शेवटची गोष्ट फॉन्टची वाटली, निघाली मजकुराची. 'पायऱ्या' शोधलं की अकरापैकी सातच नोंदी सापडायच्या. बाकी चारही पडद्यावर हुबेहूब. त्या चार नोंदी लिहिणाऱ्या मित्राच्या कीबोर्डने र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर लिहिला होता. आमच्या कीबोर्डने नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ, म्हणजे युनिकोड क्रमांक ०९३१. दोन्हींतून तोच चंद्रकोरीसारखा र उमटतो, पण आत वेगळे क्रमांक, म्हणून शोध चुकतो. आता नोंद जतन करताना आणि शोधताना सगळे ०९३१ वर आणतो. र आणि सुटा नुक्ता असाही तिसरा प्रकार येऊ शकतो, तोही धरला. हरिहरच्या नोंदीत 'पायऱ्या' हा शब्द नसेल तर नोंद कशाला म्हणायची, म्हणून याला मी बाकी सगळ्याइतकंच महत्त्व दिलं.

ॲपमध्ये एक लपलेलं तपासणीचं पान ठेवलंय. त्यात सगळ्या शैलींत एकच ओळ आहे : त्र्यंबक, ब्रह्मगिरी, मार्कंड्या, साल्हेर, रामशेज, सप्तशृंगी, पायऱ्या, ₹ १५६७. (साल्हेरची उंची १५६७ मीटर, आकडा सहज आठवतो.) नवी एपीके बांधली की विमान मोडमध्ये पहिल्यांदा उघडून हेच पान बघायचं, दोन्ही जातींच्या फोनवर.

येत्या रविवारी रामशेज. नवी एपीके शुक्रवारी रात्री टोळीच्या गटावर टाकतो. आयफोनवाल्याने केबल घेऊन शनिवारी घरी यायचं आहे. आणि या खेपेला काकाही पायथ्यापर्यंत येतो म्हणालेत, चष्मा घेऊन.