डोळ्यांतलं पाणी की भुवईचं टोक? भावुक डिजिटल पोर्ट्रेटवर अभिप्राय देताना

दसरा जवळ आला की नागपुरात दीक्षाभूमीवरच्या चेहऱ्यांची पोर्ट्रेट्स दिसू लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली तिथे आलेली एखादी आजी: पांढरं लुगडं, जोडलेले हात, भरून आलेले डोळे. अशा चित्राला 'भारी जमलंय' म्हणणं सोपं, आणि 'काहीतरी कमी वाटतंय' म्हणणं त्याहून सोपं. पण दोन्हींतून चित्रकाराला पुढचा ब्रश कुठे टेकवायचा ते कळत नाही.

पहिला प्रश्न हेतूचा असावा. आजी दुःखात आहे, की कृतार्थ आहे? उत्तर ऐकल्यावर भावनेबद्दल वाद घालायचा नाही. ती भावना चेहऱ्यावर कुठे तुटते, तेवढं शोधायचं.

बहुतेक वेळा ती भुवयांशी तुटते. दुःखात भुवयांची आतली टोकं वर जातात, कपाळाच्या मध्यभागी आडव्या सुरकुत्या येतात, वरची पापणी बाहेरच्या बाजूला उतरते, ओठांचे कोपरे खाली ओढले जातात आणि हनुवटीची कातडी गोळा होते. आनंदाश्रूंत गाल वर चढतात, खालची पापणी खालून दाबली जाते, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत सुरकुत्या फुटतात. चित्रात गाल सपाट, भुवया सरळ आणि वर दोन टपोरे थेंब असतील, तर ते पाणी कुणीतरी शिंपडल्यासारखं दिसतं. म्हणून थेंबांवर बोलण्याआधी असं सांगा: 'डाव्या भुवईचं आतलं टोक किंचित वर घे, खालच्या पापणीची कमान थोडी सपाट कर.' लिक्विफाय टूलने (चित्राचा भाग ओढून-ढकलून आकार बदलणारं साधन) हे दोन मिनिटांत करून बघता येतं.

अश्रूंचं म्हणाल तर थेंब गालावर येण्याआधी पाणी खालच्या पापणीच्या कडेवर साठतं. तिथे एक बारीक, तुटक, कडक हायलाइट (चमकेचा ठिपका) हवा. गालावरचा ओघळ पांढऱ्या रंगाने काढू नये. पाणी पारदर्शक असतं, म्हणून त्याच्याखाली त्वचेचाच रंग राहतो, कडेला थोडी गडद रेघ आणि प्रकाश पडतो तिथे चमक. नाकाच्या पाळ्या आणि पापण्यांच्या कडा लालसर नसतील तर रडणं खरं वाटत नाही. बुबुळाभोवतीचा पांढरा भागही शुभ्र नको. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते, त्यामुळे तो राखाडीच असतो. ही एक दुरुस्ती केली तरी नजर निवळते.

मग प्रकाश. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी गडद होतात, पण पांढरं लुगडं उन्हात असलं की खालून उजेड परावर्तित करतं. हनुवटीखालची सावली काळी ठेवली असेल तर चेहरा लुगड्यापासून कापून चिकटवल्यासारखा वाटेल. सावळ्या त्वचेची सावली काळ्या रंगाने केली की राख फासल्यासारखी दिसते. तिथे गडद लालसर तपकिरी सुचवा. खात्री करायला सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर (चित्रावरचा वेगळा थर) ठेवून त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या रंगांत कसा मिसळतो ते, 'कलर' करायला सांगा. चित्र करड्या छटांत दिसेल. त्यात डोळ्यांपेक्षा लुगड्याचा काठ आधी नजर खेचून घेत असेल, तर मुद्दा तिथेच सापडला. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये एम दाबून चित्र आरशासारखं उलटवलं की एका डोळ्याची घसरगुंडीही लगेच उघडी पडते.

सॉफ्ट ब्रशचा (मऊ, विरघळत्या कडांचा ब्रश) अतिरेक हा माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष. आजीच्या सुरकुत्या पुसल्या की तिचं वय जातं, आणि वयाबरोबर तिथवर पायी येण्याचा शीणही. कडा सगळीकडे मऊ नकोत: पापणी आणि ओठांची फट कडक ठेवावी, केस आणि पदराची लांबची बाजू विरघळू द्यावी.

एका वेळी तीनच सूचना द्याव्यात, त्याही परिणामाच्या क्रमाने: आधी रचना आणि भुवया, मग उजेड-सावली, शेवटी रंग. जे जमलंय तेही नेमकं सांगावं, म्हणजे पुढच्या फेरीत ते खोडलं जात नाही: 'हातांच्या शिरा तशाच ठेव.' दुसऱ्याच्या चित्रावर काढून दाखवायचं असेल तर आधी परवानगी, मग वेगळा लेयर, ओपॅसिटी (अपारदर्शकता) ४० टक्क्यांच्या आसपास आणि त्यात फक्त रेषा. चित्र एखाद्याच्या गेलेल्या आजीचं असेल, तर रेफरन्स फोटो मागून घ्यावा. नाक 'सुधारण्याआधी' ते मुळात तसंच होतं का, ते बघावं लागतं.