सेनिओतून वर येणारा शिपाई

शुक्रवार, रात्री

नामदेव जाधव या शिपायाची छोटी आकृती मी बनवते आहे, तिचा चेहरा आज रंगवून झाला. हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम साडेसहा मिलिमीटर, त्यातही वरचा भाग हेल्मेटखाली. या आठवड्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्या एवढ्याशा जागेवर गेल्या आणि त्याचं मला समाधान आहे. १:३५ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या आकारात, साडेपाच फुटी माणूस ४८ मिलिमीटरचा होतो. इतक्या लहान आकृतीत माणूस ओळखू येतो तो चेहऱ्यावरून आणि मानेच्या कलावरून, बाकी सगळं नंतर.

नामदेव जाधव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतली सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी जे केलं त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. १९८४ मध्ये ते वारले ते इथे, पुण्यात. ही शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ हातातला ब्रश खाली ठेवून बसले होते. मी शाळेत जात होते त्या काळात हा माणूस याच शहरात होता.

त्वचेचा रंग हा माझ्यासाठी या कामातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला रंग गोऱ्या माणसाचा असतो, आणि त्यात तपकिरी मिसळून आपला माणूस होत नाही, उन्हात रापलेला गोरा होतो. म्हणून सुरुवातच वेगळी करावी लागते. पाया बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा, त्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). सावलीला काळा नाही. अंबरमध्ये किंचित निळा आणि लालसर जांभळा. आणि उजेडाला पांढरा तर मुळीच नाही. सावळ्या त्वचेवर पांढरा मिसळलेला रंग चढवला की चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा इथे ऑकर वाढवायचा, वाटलं तर नखाएवढा नारिंगी. खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा उजळ, पण गुलाबी नाही, विटकरी. दाढीच्या जागी निळसर करड्याचा इतका पातळ हात, की तो आहे हे कळू नये आणि काढला तर चुकल्याचुकल्यासारखं वाटावं.

खालचा थर ॲक्रिलिकचा, वरचं सगळं कॅमलिनच्या ऑइल कलर्सनी. नळीतला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवते. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग चकाकत नाही आणि वाळतोही लवकर. पावसाळ्यात हे फार उपयोगी पडतं, कारण आत्ता पुण्याच्या हवेत काहीच वेळेवर वाळत नाही. स्प्रेचं मॅट वार्निश तर या दिवसांत मी कपाटातच ठेवते. हवेत ओल असली की त्यावर पांढुरकी साय धरते. हाताने, ब्रशने लावलेलं बरं.

डोळ्यांत शुद्ध पांढरा घातला नाही. पिवळट करडा, त्यावर गडद ठिपका आणि वरच्या पापणीची एक रेघ. ते खाली बघत आहेत, चढावर पाय कुठे टाकायचा ते शोधत, त्यामुळे डोळे अर्धेच दिसतात. बाजारात बसलेल्या, उभ्या, गोळी झाडणाऱ्या ब्रिटिश शिपायांच्या आकृत्या मिळतात. पाठीवर माणूस घेऊन चढणारा मराठा शिपाई मिळत नाही. म्हणून हा जोडून केला: धड एका ब्रिटिश पायदळी आकृतीचं, पाय कापून पुन्हा वाकवलेले, मिशी आणि चुण्या एपॉक्सी पुट्टीच्या. पाठीवरच्या जखमी सोबत्याचा हात तारेवर एम-सील चढवून केला.

रविवार

आज रंग नाही, फक्त हिशेब.

त्यांच्या सन्मानपत्रात नदीचं वर्णन आहे. पात्र सुमारे १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट, आणि दोन्ही काठ ३० ते ३५ फूट उंच, जवळजवळ उभे. काठांच्या पोटात जर्मनांची खंदकघरं आणि मोर्चे खणलेले, पूर्वेच्या काठाच्या आतल्या बाजूला सुरुंगांचा पट्टा. हे आकडे ३५ ने भागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पंधरा फूट म्हणजे १३ सेंटिमीटर. माझ्या वीतभर अंतराहून कमी. पण पाणी? चार फुटांचे होतात ३५ मिलिमीटर, पाच फुटांचे साडेत्रेचाळीस. शिपाई उभा ४८ चा. म्हणजे पाणी छातीपासून हनुवटीपर्यंत. त्या पाण्यातून, मशीनगनचा मारा चालू असताना, पाठीवर माणूस घेऊन. ‘खोल पाण्यातून’ हे शब्द मी कितीदा वाचले असतील, पण मोजपट्टी आकृतीशेजारी उभी धरेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

काठ पूर्ण केला तर एक फुटाच्या आसपास उंच भिंतच होईल आणि माणूस हरवेल. म्हणून मी फक्त पाण्यापासूनचा खालचा चढ घेतला आहे. थर्माकोलवर पीओपी आणि वर मातीचा थर.

आणि इथेच वेदरिंगचा, म्हणजे आकृतीवर मळ आणि झीज दाखवण्याचा, प्रश्न येतो. आकृती रंगवणाऱ्यांच्या हातात माती आली की ती सगळीकडे जाते. बुटांवर, गुडघ्यांवर, कोपरांवर, हेल्मेटवर, सारखी. दिसायला छान दिसतं, पण हा माणूस कुठून आला, ते त्यातून कळत नाही. मला वाटतं मळ क्रमाने चढतो आणि त्याच क्रमाने रंगवायला हवा. आधी काय झालं, मग काय झालं, कशाने काय धुऊन गेलं.

हे मला पुस्तकात मिळालं नाही, मुळशीकडे मिळालं. पावसाची उघडीप बघून तिकडे गेले होते, भातलावणी जोरात होती. चिखलणी केलेल्या खाचरातून एक माणूस रोपांच्या मुठी घेऊन बाहेर आला तेव्हा मांड्यांपर्यंत लडबडलेला होता. मधे ओढा होता, गुडघाभर पाण्याचा. तो ओलांडून पलीकडे चढला तर गुडघ्यांखालचा चिखल गेलेला, कापड स्वच्छ पण गडद ओलं, आणि गुडघ्यावर एक रेघ. तिच्या वर चिखल जसाच्या तसा. बांधावर चढताना हात टेकला, गुडघा टेकला, तिथे नवा चिखल लागला. जुना वर, मधे धुतलेलं, खाली नवा. मी मोबाइलवर फोटो काढला नाही, नुसती बघत राहिले.

आता नामदेव जाधवांचा क्रम. कंपनी मुख्यालयातले जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले होते. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. त्यानंतर हाताला गंभीर जखम होऊन टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) चालवता येईना तेव्हा ती टाकून हातबॉम्बने मशीनगनची ठाणी मोडली, आणि काठाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. बहुतेकांना तो शेवटचा क्षण करावासा वाटेल. मला नाही. तो पुतळ्याचा क्षण आहे, चौकात उंचावर शोभेल. माझ्या टेबलावर मला त्यांची दुसरी खेप हवी आहे.

पहिली नव्हे, दुसरीच. पहिल्या खेपेला माणसाला पुढचं माहीत नसतं. दुसऱ्या खेपेला पाणी किती, चढ किती निसरडा, सुरुंग कुठून सुरू होतात, हे सगळं कळलेलं असतं, तरी तो उतरतो.

मग मळाचं गणित असं बसतं: पहिल्या चढणीचा चिखल छातीखाली पाण्याने धुऊन नेला. खांद्यांवर, दंडांवर आणि हेल्मेटवर तो अजून आहे, थोडा सुकत चाललेला, म्हणून फिका. छातीखालचं सगळं कापड गडद ओलं. आणि अगदी ताजा, काळपट, ओला चिखल फक्त बुटांच्या टोकांवर, डाव्या गुडघ्यावर आणि डाव्या तळहातावर, कारण उजव्या हाताने त्यांनी सोबत्याचा पाय धरला आहे.

सोमवार

खालच्या मजल्यावरचे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे साताऱ्याकडचे. संध्याकाळी आकृती घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

“ताई, बंदुकीला गंज लावू नका हं,” हे पहिलं वाक्य. “शिपाई स्वतः जेवायच्या आधी हत्यार पुसतो. गंज बेवारस हत्याराला लागतो.”

मी म्हटलं, “नाही काका, कडांना फक्त पेन्सिलीचं शिसं घासलंय.”

“मग ठीक.” मग त्यांनी पाठीवरच्या जखमीकडे बोट दाखवलं. “हा शुद्धीत आहे का?”

हा विचार मी केला नव्हता, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “शुद्धीत असला तर धरतो. कॉलर, पट्टा, हाताला येईल ते. नसला तर सरकतो, मग उचलणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. ओलं माणूस फार जड लागतं, ताई.”

शेवटचं वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की पुढे काही विचारलं नाही. काकूंनी चहा आणला.

वर येऊन जखमीची बोटं बदलली. ती आता नामदेव जाधवांच्या कॉलरमध्ये रुतली आहेत, आणि कॉलर त्या बाजूला ओढली गेली आहे. जखमी जिवंत आहे आणि त्याला जगायचं आहे, हे त्या तीन चुण्यांनी कळतं.

गुरुवार

ओलं कापड. ओलं झालं की कापड गडद दिसतं, कारण धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरतं आणि उजेड पूर्वीसारखा विखरून परत येत नाही. म्हणजे रंग तोच, उजेड कमी. म्हणून मी छातीखाली वेगळा रंग घेतला नाही. वरच्या सर्जच्या, म्हणजे गणवेशाच्या लोकरी कापडाच्या, खाकी तपकिरीतच बर्न्ट अंबर वाढवत नेला आणि उजेडाच्या कडा जवळजवळ पुसून टाकल्या. पाण्याची रेघ सरळ ठेवली नाही. लोकर पाणी वर ओढते, म्हणून ती वेडीवाकडी, काखेकडे चढलेली.

चकाकी हा मोह आहे. ओलं दाखवायचं म्हणून सगळ्यावर ग्लॉस फासला की अंगावर प्लास्टिक दिसतं. लोकर ओली झाली तरी मंदच असते. चुण्यांच्या तळाशी आणि जॅकेटच्या खालच्या कडेला, जिथून पाणी निथळतं, तिथे सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचं, वार्निश. पूर्ण ग्लॉस फक्त बुटांवर आणि ताज्या चिखलावर.

चिखलाचा रंग ठरवताना मी हट्टाने माझं अंगण बाजूला ठेवलं. आपल्या हाताला कोकणची लाल किंवा देशावरची काळी माती पटकन येते. सेनिओ एमिलिया-रोमान्याच्या सपाट गाळाच्या प्रदेशातून वाहते. तिथला चिखल करडा तपकिरी, बारीक, चिकट. बोहरी आळीतून आणलेल्या कोरड्या रंगांतून करडा आणि पिवळी माती मिसळली, थोडं पीओपी, थोडं ॲक्रिलिक मीडियम. खांद्यांवरचा सुकता चिखल त्यात जास्त पांढरट करून, कोरड्या ब्रशने. निमजच्या माणसाच्या अंगावर परक्या नदीची माती आहे, हे दिसलं पाहिजे.

रक्ताचा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. जखमीच्या मांडीवर पट्टी आहे. लाल रंग लावला की नजर तिथेच जाते आणि चेहरा बघायचा राहतो. शिवाय ओल्या लोकरीवर रक्त लाल दिसत नाही, गडद तपकिरी दिसतं. पट्टीवर एक फिका विटकरी डाग, कडेला पाण्याने पसरलेला. आणि नामदेव जाधवांच्या कमरेवर, जिथे ती मांडी टेकते, तसाच एक. बस. कोणाच्या तरी मुलाचं रक्त आहे ते, सजावटीला वापरायचं नाही.

आता राहिलं पाणी. त्यासाठीचं रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पारदर्शक द्रव्य, या हवेत ओतणार नाही, दिवाळीनंतर ओतीन. तोवर काठावरचं गवत आणि शिडीचा तुटलेला भाग होईल. उजव्या बुटाच्या टाचेखाली घसरल्याची खूण हवी, ती उद्या.